माफीचं बटण

त्या कचेरीत आठ माणसं होती आणि आठ हट्ट होते. गंमत म्हणून सांगत नाही. भिंतीवर खरोखरच एक पांढरा फळा होता, त्यावर मोठ्या अक्षरात 'हट्ट' असं लिहिलेलं आणि खाली आठ ओळी. गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून ही मंडळी व्हिडिओ गेम बनवायची. नुसतं पळायचं आणि उड्या मारायच्या, तसले नव्हेत. यांचा खेळ भूमिकेचा. खेळणाऱ्यानं परक्या मुलखात कुणीतरी होऊन जायचं, तिथल्या लोकांशी बोलायचं, कुणाला मदत करायची, कुणाला टोपी घालायची आणि मग त्याचे परिणाम निस्तरायचे. असलं काही बनवायला आठ डोकी बसली की भांडणं ठरलेलीच, कारण प्रत्येकाची आवड निराळी. शेवटी कंटाळून मालकांनी नियम केला: प्रत्येकाला एक हट्ट. तो फळ्यावर लिहायचा, आणि एकदा लिहिला की त्यावर कुणी ब्र काढायचा नाही, अगदी मालकांनीसुद्धा. बाकीच्या गोष्टींवरून काय घसे कोरडे करायचे ते करा.

चित्रकार बाईंचा हट्ट होता, एकही तलवार चमकता कामा नये, सगळ्यांना गंज हवा. कोडवाल्याच्या घरी जुळी होती आणि त्याला सलग वीस मिनिटं कधी मिळाली नव्हती, म्हणून त्यानं लिहिलं होतं की खेळ कुठंही, कधीही थांबवता आला पाहिजे. मालकांना एक मांजर हवं होतं आणि त्या मांजराला कुणाकडूनही इजा होता कामा नये, एवढंच. आणि सहाव्या ओळीत थोरलीचा हट्ट होता: या खेळात माफी नाही.

थोरली म्हणायचं कारण, घरी दोघी बहिणी आणि ही मोठी. कचेरीत तिला नकाशेबाई म्हणत. खेळ ज्या बेटावर घडायचा, त्या बेटाचा नकाशा तिचा, म्हणून नकाशेबाई. तिच्या आवडीनिवडी भारी कडक. वाट दाखवणारे बाण नकोत, खेळाडूनं खुशाल हरवावं. शक्तीचे आकडे वाढवत बसणं म्हणजे खेळ नव्हे, ती हमाली. आणि एखाद्या गावकऱ्याचं काही चोरलंत, त्याला फसवलंत, तर तो ते शेवटपर्यंत लक्षात ठेवणार आणि तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही. वस्तू परत नेऊन द्या, फुलं न्या, त्याच्या दारात लोळण घ्या, काडीचा उपयोग नाही.

संवादवाला, म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडची वाक्यं लिहिणारा, या हट्टापायी नुसता चडफडायचा. त्यानं स्वतःचा हट्ट आधीच खर्चून टाकला होता, प्रत्येक गावकऱ्याला निदान एक विनोद हवा असं लिहून.

"अगं, माणूस चुकतो," तो नियम विसरून म्हणायचा. "एक बटण दे. 'चुकलं माझं', बस. समोरच्यानं माफ करायचं की नाही, ते पुढचं पुढं."

"बटण दाबून माफी? इतकी स्वस्त?" थोरली म्हणायची. "ज्याचं घेतलं तो विसरत नसतो. खेळाडूनं ते ओझं घेऊनच चाललं पाहिजे."

हे म्हणताना तिचा आवाज असा काही भरून यायचा की सगळे गप्प. मालक तर एकदा म्हणाले, याला म्हणतात तत्त्व. तत्त्व कसलं डोंबलाचं! काय होतं ते आता सांगायलाच हवं.

नकाशा थोरलीचा नव्हताच. तो धाकटीचा होता. धाकटी तेरा वर्षांची असताना सायकलवरून पडली आणि पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. साडेचार महिने पलंगावर. त्या साडेचार महिन्यांत तिनं दोनशे पानी वही भरली. वहीत एक बेट, आणि बेटावरची नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढणारी. गावं, धक्के, नावाडी, नावाड्याची बायको, कुणाच्या घरात किती माणसं, त्यात रागीट कोण आणि उदार कोण, सगळं तपशीलवार. दर पानाच्या कोपऱ्यात वळणदार सही आणि खाली लिहिलेलं, 'बेटाची मालकीण'. थोरली तेव्हा वीस वर्षांची. कॉलेजातून आली की ती पलंगाच्या कडेला बसायची, रंगीत पेन्सिलींना टोकं काढून द्यायची आणि ऐकायची. त्या बेटातला तिचा वाटा म्हणाल तर ती टोकं.

सहा वर्षांपूर्वी थोरलीला नोकरी नव्हती. दीड वर्ष नव्हती. धाकटी डोळे तपासायचं शिक्षण घ्यायला परगावी होती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी थोरलीनं कपाटातून वही काढली, नकाशा स्वच्छ कागदावर उतरवला आणि दुसऱ्या दिवशी मालकांसमोर ठेवला. "हा लहानपणीचा," असं ती म्हणाली. कुणाच्या लहानपणीचा, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मी कुठं खोटं बोलले, अशी तिची स्वतःशी मखलाशी होती. ती आठवडाभर टिकली. मग मालकांनी फोनवर सहज विचारलं, "तुम्हीच काढलाय ना हो?" आणि थोरली म्हणाली, "हो."

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी खूप झालं असतं. दोन वर्षांपूर्वी मालकांच्या डोक्यात आलं की खेळाबरोबर एक छोटं पुस्तक काढावं आणि त्यात मूळ वहीची पानं छापावीत. "उद्या घेऊन या वही," ते खुशीत म्हणाले. थोरलीची पाचावर धारण बसली. दर पानावर सही, दर पानावर मालकीण! त्या संध्याकाळी तिनं ती वही पान पान करून फाडली, तुकडे पिशवीत भरले, आणि आपल्या इमारतीच्या कचऱ्यात टाकायची छाती होईना म्हणून तीन गल्ल्या चालत जाऊन परक्या इमारतीच्या डब्यात टाकून आली. मालकांना सांगितलं, घर बदलताना गहाळ झाली. मालक हळहळले. चित्रकार बाईंनी तर तिच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात आठवला की थोरलीची कानशिलं अजून तापतात.

तर असा तो हट्ट. खेळात माफीचं बटण असतं तर ते रोज सकाळी तिच्या डोळ्यांसमोर आलं असतं, आणि ते तिला नको होतं. झालं, एवढंच ते तत्त्व.

खेळ बाजारात यायला दोन महिने उरले तेव्हा चाचणीचा आठवडा लागला. चाचणीसाठी त्यांच्याकडे दोन खोल्या होत्या. एकीत सोफा, मोठा पडदा, माइक. शेजारी एक चिंचोळी खोली आणि मध्ये काच. सोफ्यावरच्याला ती काच आरशासारखी दिसायची, चिंचोळ्या खोलीतल्यांना मात्र पलीकडचं सगळं दिसायचं. बाहेरून आणलेला माणूस सोफ्यावर बसून खेळणार आणि बनवणारे काचेमागं गपचूप बघणार. 'अहो, तिकडं नाही, इकडं' असं सांगायचं नाही, काचेवर टकटक करायची नाही. दारावर पाटीच होती: तोंड बंद, वही उघडी. रक्ताच्या नात्यातल्यांना चाचणीला बोलवायचं नाही हाही नियम होता, कारण नातेवाईक एक तर उगाच कौतुक करतात, नाही तर जुने हिशोब चुकते करतात.

बुधवारी मालक काचेमागं येऊन कुजबुजले, "आज एक छान बाई मिळाल्यात. माझा चष्मा मोडला होता ना, त्या दुकानात डोळे तपासतात. गेम फारसे खेळत नाहीत म्हणाल्या. असलंच माणूस पाहिजे आपल्याला."

आणि पलीकडच्या दारातून धाकटी आत आली.

थोरलीनं तोंड उघडलं. 'ही माझी बहीण आहे' एवढं म्हटलं असतं तर चाचणी तिथंच रद्द झाली असती. पण मग मालक तिला आत घेऊन आले असते, हसत हसत ओळख करून दिली असती, ह्या आमच्या नकाशेबाई म्हणाले असते. थोरलीनं तोंड मिटलं. पाटीचा नियम इतक्या मनापासून आजवर कुणी पाळला नसेल.

पडद्यावर नकाशा आला. सगळे खेळाडू तो दोन सेकंद बघतात आणि पुढं जातात. धाकटीनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि ती बघत बसली. समुद्र, धक्के, डोंगरावर चढणारी नदी. एकदा उठून पडद्याजवळ गेली आणि एका गावावर बोट ठेवून परत येऊन बसली.

"आवडला बघ तुझा नकाशा," संवादवाला थोरलीच्या कानात म्हणाला.

मग खेळ सुरू झाला आणि पहिल्याच घरात घोटाळा झाला. त्या खेळात बोलायचं आणि उचलायचं बटण एकच होतं. ही काटकसरही थोरलीचीच. माणसासमोर उभं राहून दाबलं की बोलणं, वस्तूसमोर दाबलं की उचलणं. नावाड्याची बायको पावांच्या टेबलामागं उभी होती. धाकटी तिच्याशी बोलायला गेली, अर्धं पाऊल डावीकडं पडलं, बटण दाबलं आणि बोलण्याऐवजी पाव हातात आला.

"चोर कुठची!" नावाड्याची बायको म्हणाली. "पुन्हा माझ्याशी बोलू नकोस."

"अगं बाई," धाकटी माइकमध्ये म्हणाली. "अहो, नाही हो. बोलायला आले होते मी."

तिनं पाव परत टेबलावर ठेवला. बाई बोलली नाही. पाव तिच्या पायाशी ठेवून बघितला. बाहेर जाऊन लाकडं गोळा केली आणि दारात रचली. नदीवर जाऊन मासे पकडायला शिकली, त्यातच पंचवीस मिनिटं गेली, आणि मोठ्यातला मोठा मासा आणून टेबलावर ठेवला. "चोराशी मी बोलत नाही," बाई म्हणाली. डोंगरावर एक राक्षस गावंच्या गावं गिळत होता, खेळ त्याच्यासाठी होता, पण धाकटीला राक्षसाचं काही पडलेलं नव्हतं. ती एकेक बटण दाबून बघायला लागली. खाली वाकायचं, हात हलवायचं, दिवा लावायचा, झोपायचं. दर बटण दाबून ती नावाड्याच्या बायकोकडं बघायची.

काचेमागं कोडवाला आधी हसला. मग हसायचा थांबला.

"काय शोधतेय ती?" मालकांनी विचारलं.

"माफीचं बटण," संवादवाला म्हणाला. थोरलीच्या समोर वही उघडी होती, आणि तासाभरात तिनं त्यात एक अक्षर लिहिलं नव्हतं.

खेळून झालं की चाचणी देणाऱ्याला मोठ्या टेबलाशी बसवायचं, सगळ्यांनी भोवती बसायचं आणि काय आवडलं, काय नाही ते विचारायचं, अशी तिथली रीत. आता लपायला जागा नव्हती. थोरली सगळ्यांच्या मागून आत गेली.

"ताई," धाकटी म्हणाली. अगदी साधं, जेवायला बसलेल्या माणसानं मीठ मागावं तसं.

"बहीण?" मालक ओरडलेच. "आणि तुम्ही बोलला नाहीत!"

"तिला माहीत नव्हतं मी येणारेय ते," धाकटी पटकन म्हणाली. "मीच सांगितलं नाही." थोरलीची बाजू सावरली तिनं. त्यानं थोरलीचं तोंड आणखीच कडू झालं.

मालकांना वाईट वाटायचं सोडून कौतुकच वाटायला लागलं. त्यांनी धाकटीला कॉफी दिली आणि विचारलं, "मग नकाशा कसा वाटला? तुम्हाला माहीतच असेल, ह्यांच्या लहानपणच्या वहीतला आहे."

धाकटीनं थोरलीकडं बघितलं. रागानं नव्हे. एखादं अक्षर वाचता येतंय का, हे बघायला ती लोकांकडं बघते तसं.

"छान आहे," ती म्हणाली. "ताई, नदी उलटी का वाहते गं?"

थोरलीला खरं उत्तर माहीत होतं. पायाला प्लास्टर असलेल्या मुलीला जिना चढता येत नव्हता. गच्चीवर बाकीची मुलं खेळायची त्यांचे आवाज यायचे. म्हणून तिनं अशी नदी काढली की जी होडीत बसलेल्याला आपण होऊन वर घेऊन जाते, कुणाला पाय लागतच नाहीत. हे तिनं थोरलीलाच सांगितलं होतं, हसत हसत, प्लास्टरवर पेन्सिल आपटत.

टेबलाभोवती सातही जण थोरलीकडं बघत होते. या प्रश्नाचं एक घोटीव उत्तर तिच्याकडं होतं, छापून आलेल्या दोन मुलाखतींत दिलेलं.

"माणूस शेवटी आपल्या मुळाकडं जातो," थोरली म्हणाली. "नदी म्हणजे... आठवण. म्हणून ती परत वर जाते."

"असं होय," धाकटी म्हणाली.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं थोरलीला वाटलं. जमीन कसली दुभंगतेय, खाली गाद्यांचं दुकान.

"आणि आवडलं नाही असं काय?" संवादवाल्यानं विचारलं.

"पाव चुकून उचलला गेला," धाकटी म्हणाली. "बिचारीनं पहिल्यांदाच कुणीतरी दारात आलेलं बघितलं असेल. मला नुसतं सांगायचं होतं, बाई गं, चुकलं माझं. तिनं माफ नसतं केलं तरी चाललं असतं. पण सांगायचीच सोय नाही."

"तो ह्यांचा हट्ट," मालकांनी अभिमानानं थोरलीकडं बोट दाखवलं.

"तुझा?" धाकटीनं विचारलं. मग कॉफी संपवली, सगळ्यांचे आभार मानले आणि दुपारच्या वेळा दिल्यात म्हणून निघून गेली.

ती जिना उतरून जाते न जाते तोच थोरली उठली आणि फळ्यावरची सहावी ओळ तळहातानं पुसून टाकली. सगळे बघतच राहिले. आजवर कुणी हट्ट सोडला नव्हता.

"लिही तुझं वाक्य," ती संवादवाल्याला म्हणाली.

संवादवाला आनंदानं उडायच्याच बेतात होता, पण तो पडला लेखक. "मी नाही," तो म्हणाला. "चार वर्षं तू अडवलंस, वाक्य तूच लिही. खेळाडू काय म्हणेल? एकच ओळ. शुक्रवारी आवाज भरायचाय."

एकच ओळ! थोरली गुरुवारी दिवसभर त्या ओळीवर बसली. आधी लिहिलं, 'नकळत झालं.' खोडलं. 'माझा नाइलाज होता.' खोडलं. 'तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर.' हे लिहून झाल्यावर तिलाच किळस आली. वाईट वाटलं असेल तर म्हणे! प्रत्येक ओळीत कुठून तरी पळवाट निघायची. चार वेळा चहा घेऊन झाला, पेनाचं टोपण चावून चावून पांढरं झालं, आणि मग तिला कळलं की हे वाक्य आपण जन्मात कुणाला म्हटलेलं नाही, त्यामुळं ते कसं म्हणतात हेच आपल्याला ठाऊक नाही.

शुक्रवारी सकाळी तिनं चष्म्याच्या दुकानात फोन केला आणि डोळे तपासायची वेळ मागितली. बहिणीला भेटायला वेळ घ्यावी लागावी, ही पाळी तिची तिनंच आणली होती.

डोळे तपासायची खोली दुकानाच्या मागं होती, अरुंद आणि अंधारी, टोकाला अक्षरांचा उजळलेला तक्ता. धाकटी पांढऱ्या कोटात होती. तिनं थोरलीला बघितलं आणि कागदावरचं नाव पुन्हा वाचलं.

"बस," ती म्हणाली. "हनुवटी इथं. कपाळ टेकव."

थोरलीनं हनुवटी टेकवली. यंत्राच्या दोन भोकांतून तक्ता दिसत होता, धाकटीचं तोंड दिसत नव्हतं. बरंच होतं ते.

"हे बरं दिसतं," भिंग बदललं, "की हे?"

"पहिलं."

"आता? हे की हे?"

"नकाशा तुझा आहे," थोरली म्हणाली. "मी चोरला. मुलाखतीत माझा म्हणून दाखवला, आणि नंतर सहा वर्षं माझाच म्हणून सांगितला. परवा तू विचारलंस तेव्हाही खोटं बोलले. चुकलं माझं."

भिंगाचा आवाज थांबला.

"मला माहितीये," धाकटी म्हणाली. "तुझी मुलाखत छापून आली होती, त्यात नकाशा होता. होस्टेलच्या वाचनालयात बघितला मी."

"मग बोलली का नाहीस?"

"आईला फोन केला होता. ती म्हणाली, दीड वर्षानं नोकरी लागलीय, राहू दे. मी म्हटलं, बरं, राहू दे. ताई सांगेल कधीतरी." ती थांबली. "प्रत्येक वाढदिवसाला वाटायचं, आज सांगेल. परवा मी मुद्दाम आले. म्हटलं, समोर बसल्यावर तरी सांगशील. तू नदीचं तत्त्वज्ञान सांगितलंस."

धाकटीनं भिंग पुन्हा एकदा फिरवलं.

"आज कशी आलीस? माझं ऐकून खेळात माफी घालायचीय म्हणून?"

नाही म्हणायचा मोह केवढा तरी होता. "हो," थोरली म्हणाली. "माफीचं वाक्य लिहिता येईना. तेव्हा कळलं."

"निदान हे खरं बोललीस." धाकटीनं यंत्र बाजूला सरकवलं आणि दिवा लावला. तिचे डोळे ओले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. सहा वर्षांत थोरलीनं तो इतका मोकळा बघितला नव्हता.

"मी आजच मालकांना सांगते," थोरली घाईघाईनं म्हणाली. "तुझं नाव घालायला लावते, सगळ्यात वर. नोकरी गेली तर गेली."

"घाल. घालायलाच पाहिजे. पण मला नावाचं एवढं नाही गं." धाकटी चाकांच्या स्टुलावर पुढं सरकली आणि तिनं थोरलीचा हात धरला. "मला वही दे परत. मागायला जीभ रेटत नव्हती, कारण वही मागितली की सगळंच निघालं असतं. आता निघालंच आहे. वही आहे ना?"

"असेल घरात," थोरली म्हणाली. "शोधून देते."

हे तिच्या तोंडून इतकं सहज निघून गेलं की तिचं तिलाच कळलं नाही. माफी मागून पुरती पाच मिनिटं झाली नव्हती.

"शोध हं!" धाकटी म्हणाली. ती हसत होती. "मागच्या बाजूला, शेवटून दुसऱ्या पानावर, बाबांनी काढलेली होडी आहे. तुला माहीत नाही ते. तू कॉलेजला गेली होतीस. मी रडत होते, पाय खाजत होता, तर बाबांनी पेन्सिल घेतली आणि म्हणाले, तुझ्या नदीत माझी एक होडी. बाबांना कुठं येत होतं चित्र! बुटासारखी दिसते. त्यांच्या हातचं माझ्याकडं तेवढंच आहे, ताई. ते गेल्यापासून माझ्या मनात तेच पान आहे."

थोरलीला ते पान आठवलं. फाडताना ती त्या पानाशी क्षणभर थांबली होती. हे काय, हिला होडीसुद्धा धड काढता आली नाही, असं तिच्या मनात आलं होतं. मग तिनं त्याचे चार तुकडे केले होते.

"नाहीये," ती म्हणाली.

"काय नाहीये?"

"वही. शोधायला नाहीये ती. आत्ता खोटं बोलले मी. दोन वर्षांपूर्वी मालकांनी बघायला मागितली, तुझ्या सह्या होत्या म्हणून फाडून टाकली. सगळी. होडीसुद्धा. ती बाबांची होती हे मला माहीत नव्हतं, पण माहीत असतं तरी फाडली असती बहुतेक. तेव्हा मी इतकी घाबरले होते."

धाकटीनं हात सोडवून घेतला. हिसडा दिला नाही, नुसता काढून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. ती त्या तक्त्याकडं बघत राहिली. थोरलीला वाटलं, आता ओरडेल, निदान एक थोबाडीत देईल. तिनं गालसुद्धा तयार ठेवला होता.

"कुठं टाकलीस?" धाकटीनं विचारलं.

"लांब. तीन गल्ल्या सोडून."

धाकटीनं मान हलवली. मग ती उठली, बेसिनवर हात धुतले, कोरडे केले, आणि कागदावर थोरलीच्या चष्म्याचा नंबर लिहिला. "डाव्या डोळ्याला थोडा वाढलाय," ती म्हणाली. "मी बोलावीन तेव्हा ये. आपण होऊन येऊ नकोस."

"बोलावशील?"

"माहीत नाही, ताई."

तिनं दार उघडलं. बाहेरच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ वाट बघत बसले होते. ते काठी सावरत उठले आणि दोघींकडं आळीपाळीनं बघून खूश झाले.

"बहिणी ना?" ते म्हणाले. "मला धड दिसत नाही, पण हे कळतं. कपाळ अगदी एक आहे."

थोरलीनं धाकटीकडं बघितलं.

"हो," धाकटी त्यांना हात देत म्हणाली. "मोठी बहीण आहे माझी."

नाही म्हणाली असती तर ते सोसलं असतं. थोरली दार धरून बाजूला उभी राहिली आणि धाकटीनं त्यांना हळूहळू आत नेऊन खुर्चीवर बसवलं.